एआय सिनेमात शिरलं ते मागच्या दाराने

लालबागच्या एका चाळीत शूटिंग चालू आहे. कथा १९७५ची, गिरणगावातली. नायिका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी आहे, वारा सुटलाय, बटा चेहऱ्यावर येताहेत, हातात पितळी तांब्या. कॅमेरामन कॅमेरा हातात धरून हळूहळू तिच्याकडे सरकतो. पाच सेकंदांचा शॉट. टेक फक्कड झाला, दिग्दर्शक खूश. अडचण एकच. तिच्यामागे दिसायला हवीत गिरण्यांची धुराडी, आणि दिसतोय चाळीस मजली टॉवर, त्यावर क्रेन.

हा शॉट मी कल्पनेतला घेतलाय, पण असे शॉट व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्य परिणाम करणाऱ्या, स्टुडिओत रोज येऊन पडतात. एआयने सिनेमात नेमकं काय उलथंपालथं होतंय, हे समजून घ्यायला हा एक शॉट चांगला उपयोगी पडेल. कारण एआय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते ‘एक वाक्य टाइप केलं आणि पिक्चर तयार’ असं काहीतरी. तेही चाललंय, त्याकडे येऊच. पण सिनेमाच्या धंद्यात एआय आलं ते त्या झगमगीत दाराने नाही. ते आलं मागच्या दाराने, सगळ्यात कंटाळवाण्या कामांच्या खोलीत, आणि तिथे बरीच वर्षं गुपचूप बसून होतं.

आधी एआय नसताना या शॉटचं काय करतात ते पाहू.

पहिलं काम, नायिकेला मागच्या टॉवरपासून वेगळं कापून काढायचं. याला रोटो म्हणतात. पाच सेकंद म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १२० फ्रेम्स. रोटो कलाकार नायिकेभोवती सरसकट एक रेघ मारून मोकळा होत नाही. डोक्याचा आकार वेगळा, मानेचा वेगळा, पदर वेगळा, दंड वेगळा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वेगळा, बोटं एकेक, तांब्या वेगळा. दर काही फ्रेम्सनंतर हे आकार हाताने बसवायचे, मधल्या फ्रेम्स कॉम्प्युटर अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज जिथे चुकतो तिथे पुन्हा हाताने सरकवायचं. हात वेगाने हलला की कड धूसर होते, ती धूसर कडही जुळवायची. आणि केस! वाऱ्यावर उडणारी एक बट म्हणजे अर्धी नायिका आणि अर्धा टॉवर, दोन्ही एकाच ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) मिसळलेले. हात बसलेल्या कलाकाराचेही या पाच सेकंदांत दोन-तीन दिवस सहज जातात.

मग मागे हिरवा पडदा का नाही लावला? गॅलरी दुसऱ्या मजल्यावर आहे, बाहेर पडदा टांगायचा तर परांची बांधावी लागेल. शिवाय संध्याकाळचं खरं ऊन हवं होतं आणि ते पडद्यासाठी थांबत नाही. सेटवरचं ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात निस्तरू, हे वाक्य इथूनच जन्माला येतं.

दुसरं काम पेंट. चाळीच्या भिंतीवरचा एसी, डिश अँटेना, इंटरनेटच्या केबली, सगळं पुसायचं, आणि पुसलेल्या जागी भिंत पुन्हा ‘उगवायची’, तीही १२० वेळा. तिसरं मॅचमूव्ह. कॅमेरा खऱ्या जगात कसकसा सरकला याचा हिशोब काढायचा, म्हणजे खोटी धुराडीही तशीच सरकतील. नाहीतर ती पाण्यावर तरंगताहेत असं वाटतं. ऐतिहासिक चित्रपटांमधले जमिनीला पाय न लागणारे घोडे आपण पाहिलेले आहेतच. मग धुराडी, धूर, कौलं हे थ्रीडीमध्ये बनवायचं, रेंडर करायचं (म्हणजे कॉम्प्युटरकडून त्याचं पक्कं चित्र काढून घ्यायचं), आणि शेवटी कंपोझिटरने हे सगळे थर एकावर एक बसवून प्रकाश, रंग, धूळ असं जुळवायचं की बघणाऱ्याला काही केलंय हेच कळू नये.

यातलं रोटो हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. चित्रित केलेली माणसं फ्रेममागून फ्रेम गिरवून कार्टून बनवण्याच्या यंत्राचं पेटंट मॅक्स फ्लायशर यांना अमेरिकेत १९१७ साली मिळालं. (त्याच वर्षी इकडे दादासाहेब फाळके ‘लंका दहन’मध्ये एकाच अण्णा साळुंके यांना राम आणि सीता दोन्ही करत होते, तेव्हा कॅमेऱ्याच्या करामतींत आपण कुणाच्या फार मागे नव्हतो.) शंभर वर्षांत कागदाच्या जागी माऊस आला, पण काम तेच राहिलं: बसा आणि गिरवा.

आणि हे गिरवण्याचं काम जगभरातून जिथे येतं, त्या ठिकाणांत मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू ही नावं वरची आहेत. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांच्या शेवटच्या श्रेयनामावलीत रोटो आणि पेंटच्या मथळ्याखाली भारतीय आडनावांच्या रांगा लागलेल्या असतात. नमित मल्होत्रा यांनी १९९७ साली मुंबईत सुरू केलेली प्राइम फोकस ही कंपनी २०१४मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एक झाली. आज डीएनईजी म्हणून ओळखला जाणारा आणि ‘ड्यून’च्या दोन्ही भागांसाठी ऑस्कर मिळवणारा स्टुडिओ तो हाच. म्हणजे रोटोच्या कामावर एआय आलं, तर तो प्रश्न कॅलिफोर्नियाइतकाच गोरेगाव-मालाडचाही आहे.

आता एआय या शॉटमध्ये कुठे शिरतं ते पाहू.

आजच्या एआयच्या मुळाशी असतं न्यूरल नेटवर्क, आणि ते शेवटी आकड्यांचं अवाढव्य गणित. त्याला जोड्या दाखवायच्या: हे चित्र दिलं तर हे उत्तर यायला हवं. उत्तर चुकलं की आतले आकडे किंचित सरकवायचे. पुन्हा दाखवायचं, पुन्हा सरकवायचे. असं लाखो वेळा केलं की कधीतरी ते न पाहिलेल्या चित्रावरही बऱ्यापैकी बरोबर उत्तर देऊ लागतं. यात जादू नाही, आणि समजही नाही. चिकाटी मात्र भरपूर आहे.

कंपोझिटिंगसाठी जवळपास सगळे मोठे स्टुडिओ न्यूक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात २०२१ साली कॉपीकॅट नावाची सोय आली. आपल्या शॉटच्या १२० फ्रेम्सपैकी सात-आठ फ्रेम्स कलाकाराने स्वतः नीट कापायच्या. त्या जोड्या, म्हणजे मूळ फ्रेम आणि कापलेली फ्रेम, कॉपीकॅटला द्यायच्या. ते त्या एका शॉटपुरतं छोटंसं नेटवर्क शिकवून तयार करतं आणि उरलेल्या फ्रेम्स कापून देतं. जिथे चुकेल ती फ्रेम पुन्हा हाताने करायची, शिकवणीत घालायची, पुन्हा चालवायचं. या नेटवर्कला जगातलं दुसरं काही म्हणजे काहीच येत नाही. त्याला फक्त ही नायिका, ही गॅलरी आणि हा तांब्या ठाऊक. मला स्वतःला सिनेमातल्या एआयचं हे रूप सगळ्यात प्रामाणिक वाटतं. शिकवणारा कलाकार, शिकणारं त्याच्याच कामावरून शिकणार, आणि कुणाचं काही चोरलेलं नाही.

दुसरा मार्ग याच्या नेमका उलटा. फेसबुकवाल्या मेटाने एप्रिल २०२३मध्ये ‘सेगमेंट एनिथिंग’ नावाचं मॉडेल, म्हणजे आधीच शिकून तयार असलेलं नेटवर्क, खुलं केलं. ते १ कोटी १० लाख फोटो आणि त्यांतले १०० कोटींहून जास्त कापलेले आकार यांवर शिकलेलं होतं. पुढच्या वर्षी त्याची व्हिडिओवर चालणारी आवृत्ती आली. त्यात नायिकेवर एक टिचकी मारायची, की ते तिला पूर्ण शॉटभर धरून ठेवतं. काम मिनिटांचं. पण मोठ्या पडद्यावर बघितलं की कडा थरथरतात. दर फ्रेमला कड एखाद्या ठिपक्याने इकडेतिकडे होते आणि माणसाची बाह्यरेषा उकळत्या पाण्यासारखी दिसायला लागते. मोबाइलवर खपून जातं, थिएटरात नाही. उडत्या बटांचं तर विचारूच नका. त्यामुळे स्टुडिओत सध्या चालतं ते मिश्रण: धड आणि हात मॉडेलकडून, केस आणि बोटं माणसाकडून.

छोट्या टीमला मात्र एवढ्यानेही पंख फुटतात. सात ऑस्कर मिळवलेल्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’चे दृश्य परिणाम मूठभर लोकांनी केले होते. त्यातल्या दोन दगडांच्या गप्पांच्या प्रसंगात रनवे या कंपनीचं पार्श्वभूमी कापून देणारं एआय साधन वापरलं होतं. तिथेही एआयने प्रसंग ‘बनवला’ नाही. फक्त दगड कापून दिले.

आता धुराड्यांचं रेंडरिंग. इथलं एआय प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, आणि तरीही बहुधा सगळ्यात जास्त पैसे यानेच वाचवलेत. थ्रीडी दृश्य खरं वाटावं म्हणून कॉम्प्युटर प्रकाशाचे किरण सोडतो. प्रत्येक ठिपक्यामधून किरण निघतो, भिंतीवर आपटतो, कौलावर उडतो, दिव्यापर्यंत पोचतो की नाही ते बघतो. किरण कमी सोडले तर चित्रावर रवाळ ठिपके दिसतात. यालाच नॉइज म्हणतात. तो घालवायचा तर प्रत्येक ठिपक्याला शेकडो, कधी हजारो किरण लागतात, आणि एकेक फ्रेम तासन्‌तास शिजत राहते. पिक्सार, डिस्ने रिसर्च आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या संशोधकांनी २०१७मध्ये यावर तोड दाखवली. ‘फाइंडिंग डोरी’च्या फ्रेम्स घेतल्या. एकीकडे कमी किरणांची रवाळ फ्रेम, दुसरीकडे भरपूर किरणांची स्वच्छ फ्रेम. या जोड्यांवर शिकलेलं नेटवर्क मग ‘कोको’ आणि ‘कार्स ३’च्या रवाळ फ्रेम्सही स्वच्छ करू लागलं. म्हणजे आता थोडेच किरण सोडायचे आणि उरलेली झाडलोट नेटवर्कवर सोपवायची. आज हे इतकं सर्रास झालंय की त्याला कुणी एआय म्हणतसुद्धा नाही.

नॉइज पुसण्याची ही कल्पना लक्षात असू द्या. तीच पुढे एक वेगळंच रूप घेऊन येते.

चेहऱ्यांकडे वळू. समजा आपल्याच चित्रपटात ही नायिका पुढे साठीची होते, आणि अभिनेत्री खरी साठीचीच आहे. तिला पंचवीसची करायची. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द आयरिशमन’मध्ये (२०१९) रॉबर्ट डी नीरो यांना तरुण करायला आयएलएम या व्हीएफएक्स कंपनीने तीन कॅमेऱ्यांचा एक अगडबंब संच बनवला होता. मधला मुख्य कॅमेरा, दोन्ही बाजूंचे अवरक्त प्रकाशात टिपणारे. चेहऱ्यावर हालचाल टिपण्यासाठीचे ठिपके चिकटवायचे नाहीत, ही नटांची अट. नटाच्या चेहऱ्याची थ्रीडी प्रतिकृती बनवून ती तरुण केली. एक एआय साधन डी नीरोंच्या जुन्या चित्रपटांमधून तसाच कोन, तसाच प्रकाश असलेल्या फ्रेम्स शोधून कलाकारांसमोर ठेवायचं, ताडून बघायला. एवढाच त्याचा वाटा.

पाचच वर्षांनी रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘हिअर’मध्ये (२०२४) चित्र पार उलटं झालं. टॉम हँक्स आणि रॉबिन राइट यांच्या जुन्या चित्रफितींवर मेटाफिजिक या कंपनीने मॉडेल शिकवलं, आणि सेटवर दोन मॉनिटर ठेवले. एकावर आजचे हँक्स, दुसऱ्यावर त्याच क्षणी तरुण हँक्स.

अशी चेहऱ्यांची अदलाबदल करणाऱ्या मॉडेलांमागची मूळ युक्ती ऐकण्यासारखी आहे. नेटवर्कचे दोन भाग करतात. पहिला भाग चेहरा बघून फक्त सारांश काढतो: मान किती वळली, तोंड किती उघडलं, उजेड कुठून येतोय. दुसरा भाग त्या सारांशावरून चेहरा पुन्हा काढतो. सारांश काढणारा म्हाताऱ्या आणि तरुण अशा दोन्ही हँक्ससाठी एकच ठेवायचा. चेहरा काढणारे मात्र दोन: एक फक्त म्हाताऱ्या हँक्सचा चेहरा काढायला शिकलेला, दुसरा फक्त तरुण हँक्सचा. मग म्हाताऱ्याचा सारांश तरुणाच्या काढणाऱ्याकडे सरकवून द्यायचा. हसू आजचं, गाल चाळीस वर्षांपूर्वीचे. इंटरनेटवर फिरणारे फसवे व्हिडिओही याच कुळातले. फरक परवानगीचा आणि मेहनतीचा.

पण चेहरा तरुण झाला तरी गुडघे होत नाहीत. ‘द आयरिशमन’मध्ये डी नीरो एका दुकानदाराला लाथा घालतात तो प्रसंग बघा. चेहरा चाळिशीतला, लाथ पंचाहत्तरीतली. एआयच्या जाहिरातींत चेहऱ्याचे क्लोजअपच का असतात, ते इथे कळतं.

आवाजाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ‘द ब्रूटलिस्ट’मध्ये एड्रियन ब्रोडी आणि फेलिसिटी जोन्स यांच्या हंगेरियन संवादांचे काही उच्चार रिस्पीचर या युक्रेनी कंपनीच्या साधनाने सुधारले. चित्रपटाचे संकलक डाविड यांचो स्वतः हंगेरियन. त्यांनी आपल्या आवाजात शब्द बोलून दिले आणि त्यातली नेमकी अक्षरं ब्रोडींच्या आवाजात उमटली. ही गोष्ट बाहेर आल्यावर २०२५च्या ऑस्करआधी मोठा गदारोळ झाला. ब्रोडींना पुरस्कार मिळाला तो मिळालाच. नंतर एप्रिलमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियमांत लिहून टाकलं की एआय वापरल्याने नामांकनाची शक्यता वाढणारही नाही आणि घटणारही नाही, मात्र निर्मितीच्या केंद्रस्थानी माणूस किती होता हे मतदारांनी बघावं. कुणालाच न दुखावणारी भाषा म्हणतात ती हीच.

आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी २०२४च्या ‘लाल सलाम’मधल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. दुसऱ्या टोकाला कुणीही कुणाचाही आवाज उचलणारी ॲप्स आहेत. अरिजित सिंग यांना त्याविरुद्ध २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२५मध्ये आशा भोसले यांनाही. दोघांनाही न्यायालयाने संरक्षण दिलं. पण दर वेळी प्रत्येकाने स्वतः कोर्टाची पायरी चढायची, हे काही उत्तर नव्हे. नामवंतांना ते परवडतं. मालिकेत दुय्यम भूमिका करणाऱ्याने काय करायचं?

डबिंगमध्ये तर आपल्या मराठी मंडळींचं चांगलंच घोडं पुढे आहे. ‘बाहुबली’च्या हिंदी रूपात प्रभासचा आवाज शरद केळकर यांचा, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदे यांचा. आता असं तंत्र आलंय की मूळ नटाचाच आवाज हिंदी किंवा मराठी बोलेल, आणि ओठही त्या भाषेप्रमाणे हलतील. ‘फॉल’ (२०२२) या चित्रपटात तीसेक शिव्या होत्या, त्यामुळे अमेरिकेत प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळण्याची वेळ आली होती. पुन्हा शूटिंग न करता फ्लॉलेस या कंपनीच्या एआयने नट्यांचे ओठ बदलून सौम्य शब्द बसवले. हेच भाषांतरासाठी वापरता येतं. प्रेक्षक म्हणून मला ओठ आणि शब्द जुळलेले आवडतील. पण ‘पुष्पा’च्या हिंदी यशात तळपदेंच्या त्या घोगऱ्या, तिरकस लयीचा वाटा किती होता ते आठवलं, की मूळ नटाचा आवाज म्हणजे उत्तम डबिंग हे समीकरण मला पटत नाही. तिथे एक दुसरा नट अभिनय करत होता.

आता ते झगमगीत दार. वाक्य टाइप करा, व्हिडिओ घ्या.

ओपनएआयने फेब्रुवारी २०२४मध्ये असं व्हिडिओ बनवणारं सोरा दाखवलं तेव्हा अमेरिकी निर्माते टायलर पेरी यांनी अटलांटातल्या आपल्या स्टुडिओचा ८० कोटी डॉलर्सचा विस्तार तिथल्या तिथे थांबवला. मग रनवे, गूगलचं व्हिओ अशी रांगच लागली. व्हिओची २०२५ची आवृत्ती तर चित्राबरोबर आवाजही काढून देऊ लागली. यांच्या पोटात जे तंत्र आहे त्याला डिफ्यूजन म्हणतात, आणि इथे मघाचा नॉइज परत येतो. शिकवताना खऱ्या चित्रांवर मुद्दाम थोडाथोडा नॉइज टाकत जातात, अगदी चित्र ओळखू येईनासं होईपर्यंत. नेटवर्कचं काम, प्रत्येक टप्प्यावर तो नॉइज ओळखून काढणं. पुरेसं शिकलं की त्याला एक दगा देतात: मागे चित्र नसलेला निव्वळ नॉइज हाती देतात आणि सांगतात, यात एक धुराडं आहे, शोध. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडे बघताना आपल्याला त्या डागांत चेहरे दिसायला लागतात, तसं ते धुराडं ‘शोधत’ जातं आणि शेवटी ते खरोखर दिसू लागतं. व्हिडिओसाठी हेच काळातही पसरवतात, म्हणजे दहाव्या फ्रेममधलं धुराडं अकराव्यातही तिथेच राहील. पिक्सारचं नेटवर्क असलेल्या चित्रावरची धूळ झाडतं, हे धुळीतून चित्र काढतं. गणिताचं नातं मात्र जवळचं.

मग आपला शॉटच थेट असा का मागू नये? ‘१९७५चं गिरणगाव, संध्याकाळ, गॅलरीत बाई.’ मागून बघा. चित्र सुंदर येईल, आणि चूक येईल. धुराडी मँचेस्टरच्या वळणाची. नऊवारीचा काष्टा कुठून निघून कुठे गेलाय याचा पत्ता नाही. दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी. मॉडेल ज्या ढिगावर शिकलं त्यात लालबाग चिमूटभर असणार, न्यूयॉर्क पोतंभर. जे दिसलंच नाही ते ते शेजारच्या वस्तूवरून अंदाजाने भरतं. ही खोट सुधारेल, सुधारतेही आहे, पण ज्यांच्या गल्लीचे फोटो जगाने कमी काढले त्यांना वाट बघावी लागेल.

याहून मोठी अडचण आहे ती हुकमतीची. दिग्दर्शक म्हणतो, “झकास, फक्त डावीकडच्या धुराड्याचा धूर जरा पातळ कर.” थ्रीडीत हा एक आकडा बदलायचा मामला. डिफ्यूजनमध्ये नुसता धूर असा वेगळा ठेवलेलाच नसतो. सगळं चित्र एकच, सपाट. पुन्हा मागितलं तर धूर पातळ होईलही, पण गॅलरीचा कठडा बदललेला असेल आणि बाईच्या हातातला तांब्या गायब. चित्रपटाचं काम म्हणजे असल्या शंभर बारीक सूचना. कंपोझिटरला थर लागतात, कुठली वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याची माहिती लागते, रंगांची भरपूर बारकाई लागते. बहुतेक व्हिडिओ मॉडेलं देतात ती एक तयार, दाबून लहान केलेली फाइल. तयार चहा मागितला तर मिळतो, पण त्यातली साखर कमी करता येत नाही.

म्हणून मोठ्या निर्मितीत त्याचा वापर होतो तो तुकड्यांत. अर्जेंटिनाच्या ‘एल एतेर्नाउता’ या मालिकेत ब्यूनोस आयरेसमधली एक इमारत कोसळते, तो प्रसंग जनरेटिव्ह, म्हणजे नवं चित्र बनवणाऱ्या, एआयने केल्याचं नेटफ्लिक्सचे टेड सारँडोस यांनी जुलै २०२५मध्ये जाहीर केलं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा दसपट वेगाने झाला आणि एरवी त्या बजेटमध्ये बसलाच नसता, असा त्यांचा दावा. कोसळणारी इमारत हा प्रसंग एआयला सोपाच. धूळ, विटा, गोंधळ. नेमकी कुठली वीट कुठे पडली हे कुणी विचारत नाही. याउलट आपल्याकडे अख्खं महाभारत एआयने करण्याचा घाट २०२५मध्ये एका ओटीटीवर घातला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी युद्धापेक्षा पात्रांचे चेहरे आणि महालातल्या आधुनिक दिसणाऱ्या वस्तू यांवरच जास्त बोट ठेवलं.

आणि या मॉडेलांना शिकवलं कशावर, हा प्रश्न आहेच. डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी जून २०२५मध्ये एआयने चित्रं बनवून देणाऱ्या मिडजर्नी या कंपनीला कोर्टात खेचलं ते त्याच मुद्द्यावर. हॉलिवूडचे लेखक २०२३मध्ये १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते. तेव्हा त्यांनी करारात लिहून घेतलं की एआयला लेखक म्हणून श्रेय नाही, आणि नटाची डिजिटल प्रतिकृती त्याच्या संमतीशिवाय, मोबदल्याशिवाय वापरायची नाही. आपल्याकडे तेवढी एकजूट नाही, आणि कायद्याची एक गाठ तर भलतीच विचित्र आहे. ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाचा नायक शेवटी मरतो. त्याच्या ‘अंबिकापती’ या तमिळ रूपाचं ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा प्रदर्शन झालं, तेव्हा हक्क असलेल्या कंपनीने एआयने शेवट बदलून त्याला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ दिग्दर्शक नसतो, निर्माता असतो. नटाला आपल्या कामाची विटंबना रोखण्याचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने मिळालाय, पण मेलेल्याला जिवंत करणं ही विटंबना की सुधारणा, हे ठरवायची वेळ त्या दुरुस्तीच्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आली नसेल. उद्या एखाद्या गाजलेल्या मराठी शोकांतिकेचा शेवट कुणी गोड केला तर? निर्मात्याच्या वारसांनी सही केली की झालं.

परत रोटोच्या खोलीत येऊ, कारण रोजगाराचा खरा प्रश्न तिथेच आहे.

व्हीएफएक्समध्ये येणारा बहुतेक मुलगा किंवा मुलगी रोटोनेच सुरुवात करते. सहा-आठ महिन्यांचा कोर्स, मग रोटो, मग पेंट किंवा मॅचमूव्ह, आणि नजर तयार झाली की कंपोझिटिंग. पगार तुटपुंजा, रात्रपाळ्या, डिलिव्हरी जवळ आली की रविवार नाही. या कामाबद्दल मला गळा काढायचा नाही. १२० फ्रेम्सवर बोटं गिरवत बसणं कुणाच्या आयुष्याचं ध्येय नसतं. पण त्या कंटाळ्यातच एक शिक्षण होतं. कापड कसं सरकतं, हात वळताना कोपर कुठे जातं, ऊन केसांच्या कडेवर काय करतं, हे दोन वर्षं फ्रेममागून फ्रेम बघितलेल्या माणसाला खोटा शॉट एका नजरेत ओळखता येतो. आजचे सुपरवायझर असेच घडलेत. एआयने कापलेल्या कडेत काय चुकलंय हे सांगायला अशीच नजर लागते, आणि ती नजर जिथे तयार व्हायची, नेमकं तेच काम एआयकडे चाललंय.

प्रत्येक संकट एआयच्या नावावर खपवू नये, हेही खरं. फेब्रुवारी २०२५मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी कंपनी कोसळली तेव्हा बेंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो लोकांची नोकरी एका झटक्यात गेली. पण त्यामागे कंपनीवरची कर्जं आणि हॉलिवूडच्या संपांनंतर आटलेलं काम होतं. व्हीएफएक्सचा धंदा आधीच उताणा पडलेला आहे: काम ठरलेल्या रकमेत घ्यायचं, ग्राहकाने पंचवीस वेळा बदल सांगितले तरी ती रक्कम वाढत नाही. अशा धंद्यात यंत्राने वाचवलेला वेळ कलाकाराच्या घरी जाण्यात बदलत नाही. पुढच्या कामाची बोली तेवढी खाली येते.

मराठी निर्मात्याला मात्र यात लाभ आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बजेटमध्ये आजवर धुराडी परवडत नव्हती म्हणून कॅमेरा भिंतीकडे वळवायचे, त्या बजेटमध्ये आता गिरणगाव उभं राहू शकेल. अट एवढीच की त्या टीममध्ये धुराडं खरोखर कसं दिसायचं हे माहीत असलेलं कुणीतरी हवं.

मुंबईत २०२५ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही सरकारी पाठबळाची संस्था सुरू झाली, ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंग शिकवायला. तिथून बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुकडीला स्टुडिओ कुठल्या हुद्द्यावर घेतात, आणि रोटो हा शब्द त्यांच्या नेमणूकपत्रात असतो की नाही, ते बघायला हवं.